ल च्या शेजारी ळ

कुटुंबातल्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर टर्बोने स्वतःच्या हाताने जोडलेला होता. टर्बो हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भाचीने ते ठेवलं आणि मग सगळ्यांच्याच तोंडात बसलं. पोटापाण्यासाठी तो एका चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा आणि फ्रेममध्ये बसवायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र घरच्या जेवणाच्या टेबलावर एखादा मदरबोर्ड पसरलेला असायचा, आणि बायकोने ताट मांडीवर घेऊन जेवायची सवय करून घेतली होती.

जोडणं हा त्याच्या दृष्टीने अर्धाच भाग. खरी गंमत त्यानंतर. कारखान्यातून प्रोसेसर किंवा मेमरी येते ती एका ठरावीक वेगाची म्हणून येते. सेटिंगमध्ये जाऊन तो वेग जरा वाढवायचा, मशीन तग धरतं का ते बघायचं, धरला तर आणखी जरा वाढवायचा. याला ओव्हरक्लॉक करणं म्हणतात. "कंपनी घाबरून कमी सांगते," टर्बो म्हणायचा. "आत दम असतोच. तो काढून घ्यावा लागतो." ताईचा कॉम्प्युटर त्याने असा पळवला होता, भाचीचा तर गेम खेळायला म्हणून इतका पळवला होता की हिवाळ्यात ती त्याच्याजवळ पाय शेकत बसायची.

शेवटी राहिली होती आई.

आईने उभं आयुष्य एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवलं होतं. निवृत्त झाल्यावर ती एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी करायला लागली. आडवे शब्द, उभे शब्द, त्यांची शोधसूत्रं, सगळं ती स्वतः टाइप करून पाठवायची. बाबा गेल्यावर ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटीच राहत होती, आणि हे कोडं म्हणजे तिच्या आठवड्याचा कणा होता. तिचा जुना कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत चहा होऊन पिऊनही व्हायचा, म्हणून टर्बोने तिला नवा करून दिला.

"मला काय रॉकेट उडवायचंय का रे, बाळ?" ती म्हणाली होती.

"हात फिरवूनच देणार मी. माझ्या हातून साधा जाणारच नाही."

तरी आईचा म्हणून त्याने प्रोसेसरला हात लावला नव्हता. फक्त मेमरीचा वेग थोडा चढवला. आपल्या घरी टेबलावर रात्रभर मेमरीची चाचणी लावून ठेवली, सकाळी एकही चूक नव्हती. मग त्याने तो कॅबिनेट आईकडे नेऊन खिडकीलगतच्या टेबलाखाली ठेवला, तारा लावल्या, आणि मेमरीचा विषय त्याच्या डोक्यातून पार गेला.

काही महिन्यांनी ताईचा फोन आला. ताई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची आणि कुठलीही गोष्ट ती रिपोर्ट वाचल्यासारखी सांगायची.

"या आठवड्याचं आईचं कोडं बघितलंस का?"

"मी कधी सोडवतो?"

"उभा तीन. 'डाव्या साताला बांधतात.' उत्तर घड्याळ. साताला, टर्बो. हाताला नाही, साताला."

टर्बोला हसू आलं. "टायपिंगची चूक असेल."

"आईची?"

आईच्या हातून छापलेल्या मजकुरात चूक राहणं म्हणजे काय, हे दोघांनाही माहीत होतं. लहानपणी ती औषधाच्या डब्यावरचा मजकूरही पेन्सिलने सुधारायची.

पुढच्या आठवड्यात 'वेल' च्या जागी 'वेळ' होतं. उत्तर जुळेना म्हणून वाचकांनी साप्ताहिकाला कळवलं. त्यापुढच्या वेळी 'दार' ची 'धार' झाली, आणि एका सूत्रापुढे कंसात तीन अक्षरांचा आकडा हवा तिथे दोनाचा आला. संपादकांनी आईला फोन करून फार गोड आवाजात विचारलं, की बाई, तब्येत बरी आहे ना. तो गोड आवाजच आईच्या जिव्हारी लागला.

टर्बो आईकडे गेला तेव्हा ती टेबलाशी बसली होती. समोर पाठवलेल्या कोड्याची छापलेली प्रत होती, चष्मा कपाळावर.

"मी दार लिहिलं होतं," ती म्हणाली. "द ला काना. पाठवायच्या आधी दोनदा वाचलं. मग ते तसंच उघडं ठेवून जेवले, जरा पडले आणि दुपारी पाठवलं."

"पाठवताना परत वाचलंस का?"

"दोनदा वाचलेलं तिसऱ्यांदा कशाला वाचू?"

टर्बोने कीबोर्ड बघितला. आणि त्याला एकदम सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. या कीबोर्डवर द आणि ध एकाच बटणावर होते. नुसतं दाबलं की द, शिफ्ट धरून दाबलं की ध. ल आणि ळ चंही तसंच. शिफ्टचं बटण अडकत असणार. त्याने ते दाबून पाहिलं, आणि त्याच्या मनात होतं म्हणूनच की काय, ते त्याला जरा चिकट वाटलं. बाजारात जाऊन त्याने नवा कीबोर्ड आणला, जोडला, आणि जीव भांड्यात पडल्यासारखा चहा प्यायला.

पुढच्या कोड्यात 'समुद्र' चा 'सयुद्र' झाला.

म आणि य एका बटणावर नव्हते. शेजारीही नव्हते. टर्बो दुकानात भिंग घासताना ते शब्द मनात घोळवत राहिला. हात आणि सात यांचंही तसंच होतं. ह कुठे, स कुठे. त्याने फाइल ठेवायची डिस्क बदलून पाहिली. व्हायरस शोधला. अक्षरांचा फॉन्ट पुन्हा टाकला. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस बरे जायचे, आणि तो म्हणायचा सापडलं, आणि मग परत एखादं अक्षर बदललेलं असायचं. धड रोज होत नव्हतं, धड थांबत नव्हतं. त्याच्या डोक्याचा भुगा झाला.

एकदा सगळे आईकडे जमले असताना ती हळूच म्हणाली, "मला वाटतं, मी उठून गेले की ते आतल्या आत बदलतं."

भाचीने मोबाइल खाली ठेवला.

"काय बदलतं, आई?" ताईने विचारलं.

"अक्षर. मी असते तेव्हा नाही. माझी पाठ वळली की."

ताईने टर्बोकडे बघितलं. "तू सांग. यातलं तुला कळतं. कॉम्प्युटर आपोआप अक्षर बदलू शकतो?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. कॉम्प्युटरचा प्रश्न आला की हे व्हायचंच, आणि एरवी त्याला ते आवडायचं.

"नाही," तो म्हणाला. "कॉम्प्युटर बंद पडेल, अडकेल, पण असलं काही करत नाही. जे टाइप केलं तेच राहतं."

आईने मान डोलावली. "मग मीच," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

जिना उतरताना ताईने त्याला थांबवलं. गेल्या महिन्यात आईने दातांच्या डॉक्टरांकडे एक दिवस आधीच जाऊन बसण्याचा घोळ घातला होता. शेगडी चालू ठेवून खाली भाजी आणायला गेली होती. आणि आता हे, की पाठीमागे कोणीतरी अक्षरं बदलतंय. "असंच सुरू होतं हे," ताई म्हणाली. "आधी वस्तू विसरतात, मग माणसांवर संशय घ्यायला लागतात. मी रोज बघते आमच्याकडे येणारे लोक."

डॉक्टरांकडे नेण्याचं काम टर्बोकडे आलं. डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी आईला पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले, तिने पाचही सांगितले. घड्याळ काढायला सांगितलं, तिने काढलं. तारीख विचारली, ती चुकली. "पंतप्रधान कोण" ऐवजी त्यांनी "तुमच्याकडे आलेला शेवटचा पाहुणा कोण" असं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "हाच. पाहुणाच आहे तो." डॉक्टर हसल्या. शेवटी म्हणाल्या, आत्ता ठामपणे काही सांगता येणार नाही, काही महिन्यांनी पुन्हा बघू.

टर्बोला ताईला काय सांगावं ते कळेना. पाच शब्द आले हे सांगावं की तारीख चुकली हे. त्याने दोन्ही सांगितलं. ताईला त्यातलं तारखेचंच ऐकू आलं.

इकडे आईने स्वतःवर पहारा बसवला होता. टाइप करायची, वाचायची, उठायची, दारापर्यंत जाऊन परत येऊन वाचायची. संपादकांनी सुचवलं की थोडी विश्रांती घ्या, एक आठवडा तुमचं कोडं, एक आठवडा दुसऱ्या कोणाचं. ती हो म्हणाली. त्या दुसऱ्याच्या कोड्यात चार चुका होत्या, पण त्या तिने कोणाला सांगितल्या नाहीत. आपण आता कोणाच्या चुका काढायच्या, असं तिला वाटलं असावं.

आणि मग एका दुपारी तिने टर्बोला दुकानात फोन केला. तो हातातलं भिंग बाजूला ठेवून मागच्या दाराशी गेला.

"मी आजवरच्या चुका आठवत बसले होते," ती म्हणाली. "बाळ, माणूस असा चुकत नाही."

"म्हणजे?"

"मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका बघितल्या. माणूस एक तर कानाने चुकतो, नाही तर बोटाने, नाही तर डोळ्याने. सारखा आवाज, शेजारचं बटण, किंवा सारखं दिसणारं अक्षर. म चा य कोणी करत नाही. ह चा स कोणी करत नाही. तरी आहे त्यात काहीतरी. त चा थ झाला, द चा ध झाला, श चा ष झाला. शाळेत अक्षरं पाठ म्हणतो ना, तसं. प फ ब भ म, मग य. श ष स, मग ह. दर वेळी शेजारचंच अक्षर. पुढचं, नाही तर मागचं."

टर्बो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. काहीतरी ओळखीचं वाटत होतं, पण काय ते अजून त्याच्या ध्यानात येत नव्हतं.

"फक्त एकच बसत नाही," आई म्हणाली. "ल चा ळ झाला. आणि ळ तर ह च्याही नंतर येतो. ल च्या शेजारी व. तेवढं एक जमलं असतं, तर मी म्हटलं असतं की कोणीतरी मुद्दाम करतंय."

"थांब," टर्बो म्हणाला. "मी करतो तुला फोन."

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक ठरलेला असतो, हे टर्बोला माहीत होतं, पण मराठी अक्षरांचे क्रमांक तो कधी बघायला गेला नव्हता. त्याने मोबाइलवर तो तक्ता शोधून काढला. द, आणि त्याला लागून ध. म, आणि त्याला लागून य. स, आणि त्याला लागून ह. मग त्याने बोट खाली सरकवलं. र, त्याला लागून खाली टिंब, म्हणजे नुक्ता, दिलेला ऱ. आणि मग ल.

ल ला लागून ळ होता. शाळेतल्यासारखा ह च्या पुढे नाही. इथे, मशीनच्या आतल्या क्रमात, तो ल च्या अंगाला खेटून उभा होता.

हा क्रम आईला माहीत असणं शक्यच नव्हतं. ज्याला तो माहीत होता, असं त्या खोलीत एकच होतं, आणि ते टर्बोने आपल्या हाताने जोडलं होतं. मेमरीच्या आत सगळं बारीकबारीक दिव्यांसारखं असतं, लागलेला किंवा विझलेला. आकड्याचा अगदी शेवटचा दिवा चुकून लागला किंवा विझला की आकडा एकाने पुढे-मागे होतो. आणि मेमरी ताणून पळवली की असा एखादा दिवा कधीमधी दगा देतो. रात्रभर चाचणी लावली होती. एकही चूक नव्हती. मग कसं?

"जे टाइप केलं तेच राहतं," असं तो सगळ्यांदेखत म्हणाला होता. ते वाक्य त्याला आठवलं आणि तो तसाच उभा राहिला. आतून दुकानाच्या मालकाने दोनदा हाक मारली.

रविवारी तो सकाळीच आईकडे गेला. तिला त्याने काही समजावून सांगितलं नाही, कारण त्याची स्वतःची खात्री नव्हती, आणि खोटी आशा दाखवायची भीती वाटत होती. त्याने एक कोरी फाइल उघडली, त्यात ल लिहिला, मग पुन्हा ल, मग ओळीच्या ओळी चिकटवत गेला. पानामागून पानं भरली. स्क्रीनवर ल च्या रांगांशिवाय काही दिसेना.

"हे काय?" आई म्हणाली.

"आज कोणी हात लावायचा नाही. तूही नाही, मीही नाही. इथेच बसायचं."

दोघं खुर्च्या टाकून बसली. आईने विणकाम घेतलं. तासाभराने दोघांनी पानं खालीवर केली, सगळे ल जागच्या जागी होते. जेवणही तिथेच झालं. टर्बोने पुन्हा बघितलं, काही नाही. त्याला आता स्वतःचाच राग यायला लागला. अंधारात बाण मारत आपण म्हाताऱ्या बाईला खुर्चीत बसवून ठेवलंय, असं वाटायला लागलं.

दुपारी ऊन खिडकीतून आत आलं. आधी टेबलाच्या पायावर, मग सरकत कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्यावर. टर्बोने सहज हात लावला आणि मागे घेतला. पत्रा चांगलाच तापला होता. आतला पंखा जोरात फिरायला लागला होता.

"रोज असं ऊन येतं?"

"पाऊसपाणी नसेल तर रोज. मी यावेळी पलीकडच्या खोलीत आडवी होते."

त्याच्या घरचं टेबल खोलीच्या आतल्या अंगाला होतं, आणि चाचणी त्याने रात्री लावली होती. गार हवेत. त्याने काही न बोलता पानं पुन्हा वर नेली आणि हळूहळू खाली सरकवायला लागला. ल, ल, ल. त्याच्या डोळ्यांपुढे नुसती नक्षी नाचायला लागली. शोधायची सोय असते, ळ टाकून शोधावं, म्हणून त्याने हात कीबोर्डकडे नेला.

"थांब," आई म्हणाली. "वर घे जरा. आणखी. हां."

तिने विणायची सुई उचलून स्क्रीनच्या डाव्या बाजूला टेकवली.

"इथे."

ल च्या रांगेत एक ळ उभा होता.

दोघंही त्याच्याकडे बघत राहिली. टर्बोने मागे वळून आईकडे बघितलं, तर ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, पण चेहरा मात्र एखाद्या जुन्या सहकाऱ्याची चूक पकडल्यासारखा कडक होता.

"मी उठलेसुद्धा नव्हते," ती म्हणाली.

"नाही, आई. उठली नव्हतीस."

मग त्याने मेमरीची चाचणी लावली, तिथेच, त्याच उन्हात. थोड्याच वेळात चुकांच्या लाल ओळी यायला लागल्या. त्याने मशीन बंद केलं, पुन्हा सुरू करून सेटिंगमध्ये गेला आणि मेमरीचा वेग कंपनीने सांगितला होता तिथे आणून ठेवला. चाचणी पुन्हा लावली. लाल काही आलं नाही. तरी कॅबिनेट उचलून त्याने सावलीच्या भिंतीला नेला. मग आईसमोर बसून त्याने सगळं सांगितलं, मेमरीचं, वेगाचं, दिव्यांचं. ती ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, "आणि हे पळवल्याने माझं काम किती लवकर होत होतं?"

टर्बोने खरं ते सांगितलं. "तुला कळलंही नसतं इतकं."

"बरं," आई म्हणाली. याहून जास्त ती काही बोलली नाही, आणि त्याला वाटलं, बोलली असती तर बरं झालं असतं.

ताईला सांगणं जास्त अवघड गेलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या हौसेपायी आपण आईला डॉक्टरकडे नेलं." तो हो म्हणाला. "तिला सगळ्यांसमोर म्हणालास की तुझंच चुकतंय." तो त्यालाही हो म्हणाला. मग ताईचा आवाज बदलला. "आणि शेगडी? शेगडीसुद्धा तुझ्या मेमरीनेच चालू ठेवली का रे?"

हे तिने टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. त्यालाही नाही.

त्या आठवड्यात तो घरोघर हिंडून सगळ्यांची मशीनं मूळ वेगावर आणत होता. बायकोच्या कॉम्प्युटरवर तिच्या कचेरीचे नकाशे होते, तिने ते सगळे पुन्हा तपासायला घेतले आणि दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलली. भाचीने मात्र दारातच अडवलं. "मामा, माझ्या गेममध्ये एखादा ल चा ळ झाला तर चालेल मला. हात लावू नकोस." त्याने तरी लावला. ती म्हणाली, आता तुला टर्बो म्हणायचं की नाही ते विचार करून सांगते.

संपादकांना आईने स्वतः फोन केला. ते ऐकून घेत होते, पण अक्षर आपोआप बदलतं यावर त्यांचा कितपत विश्वास बसला कोण जाणे. तरी त्यांनी दर आठवड्याचं कोडं पुन्हा तिच्याकडे दिलं. एक कोडं गेलं, बिनचूक. दुसरं गेलं, बिनचूक. ताईने दोन्ही कोडी स्वतः सोडवून पाहिली आणि फोनवर पहिल्यांदाच मोकळी हसली.

तिसरं कोडं छापून आलं त्या दिवशी आईनेच टर्बोला बोलावलं. तो आत आला तेव्हा अंक टेबलावर उघडा होता.

"आडवा चार," ती म्हणाली.

त्याने वाचलं. "पायऱ्यांची वाट. जिना."

"आता उभा नऊ."

"वर नेतो, खाली आणतो, स्वतः हलत नाही." तो थांबला. "जिना."

"एकाच कोड्यात एकच शब्द दोनदा. दोन्ही सूत्रं माझी. दोन्ही चांगली आहेत. पहिलं लिहिलेलं मला दुसरं लिहिताना आठवलं नाही."

टर्बोने पुन्हा पाहिलं, जणू बघता बघता एखादं अक्षर शेजारी सरकेल. "मशीनमुळे..." त्याने सुरुवात केली. हे मशीनमुळे होऊ शकत नाही हे त्याला माहीत होतं, तरी तो म्हणाला, "मी उद्या परत एक चाचणी लावतो."

"नको. ही चूक माझी आहे."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, सुरू होत नव्हती. आई अंकावरून हात फिरवत होती.

"त्या आधीच्या चुका सगळ्याच मशीनच्या होत्या का?" तिने विचारलं.

"समुद्राची त्याची. हाताची त्याची. ते नक्की."

"आणि वेल? दार? ते तर मीही करू शकते."

टर्बोने बराच विचार केला. वेल चा वेळ मशीनने केला असेल, तिच्या बोटाने शिफ्ट दाबला गेला असेल, किंवा वेळ हा शब्दच तिच्या मनात आला असेल. फाइलमध्ये आता नुसता ळ होता. तो कुठून आला ते त्याच्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"मला नाही सांगता येत," तो म्हणाला.

"मलाही." तिने अंक मिटला. "छापखान्यात कोणी एकटं तपासत नसे. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा छापलेल्यावर नजर ठेवायचा. चांगल्यातला चांगला माणूसही एकटा नसायचा. मी इथे इतकी वर्षं एकटीच तपासत होते, त्याचंच खरं तर नवल."

"मी वाचू?"

"तुझे उच्चार भयंकर आहेत."

"मग ताईला सांगू."

"ती फार भरभर वाचते. तूच वाच."

तेव्हापासून कोडं पाठवायच्या आधी तो तिच्याकडे जातो, नाही जमलं तर फोनवर. तो सूत्रं मोठ्याने वाचतो, ती उत्तरं सांगते आणि तपासते. कधी ती एखाद्या सूत्रावर अडते आणि म्हणते, हे मी का बरं असं लिहिलं. कधी तो चुकीचं वाचतो आणि ती पटकन पकडते. त्या दोन्हींपैकी काय जास्त वेळा होतं, ते तो मोजत नाही. ताई दर आठवड्याला विचारते, "कशी आहे रे?" आणि तो तिला जे झालं ते सांगतो, अर्थ काढत नाही. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आहे. ती आईने भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावली आहे, आणि टर्बोने आपल्या मोबाइलमध्येही.

परवा वाचताना तो एका सूत्रावर थांबला. त्याला ते काही केल्या कळत नव्हतं. चुकलंय की अवघड आहे, हेच समजेना.

"आई, हे बरोबर आहे का?"

तिने चष्मा नाकावर घेतला, अंग पुढे झुकवलं आणि बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"थांब," ती म्हणाली. "बघू दे."

तो थांबला.